फक्कीकाकांची वीतभर चूक

फक्कीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. क्लबच्या फुटबॉल मैदानावर चुन्याच्या भुकटीने पांढऱ्या रेघा आखायच्या, म्हणजे फक्की मारायची, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. सामन्याच्या दिवशी उजाडताच मैदानावर जायचं, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि दोरीच्या कडेकडेने फक्की सोडत चालायचं. काम संपलं की घरी जाऊन अंघोळ, मग निळा शर्ट, आणि दुपारी तिकीट काढून प्रेक्षकांत. मैदानावरच्या माणसाला तिकीट लागत नाही, हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. "सकाळी मी नोकर, दुपारी प्रेक्षक," असं म्हणून ते रांगेत उभे राहायचे.

प्रेक्षक म्हणून काका हे एक अवघड प्रकरण होतं. क्लबचे निळे जिंकले तर ते खेळाडूंच्या कर्तृत्वाने, आणि हरले तर दुसऱ्या कशाने तरी. एकदा ऊन डोळ्यांवर आलं म्हणून हरले. एकदा वारा उलटा होता. उत्तरार्धात बाजू बदलल्यावर तो सुलट नाही का झाला, असं कुणी विचारलंच, तर "तोवर पडला होता" हे उत्तर तयार. रेफ्रींशी तर उभा दावा. एका रेफ्रीला चष्मा हवा असं ते वर्षभर सांगत होते, आणि पुढच्या वर्षी तो खरोखरच चष्मा लावून आला तेव्हा काकांनी आख्ख्या रांगेला चहा पाजला. दोष दिला नाही तो फक्त मैदानाला. मैदान त्यांचं होतं.

हंगामातला शेवटचा सामना शनिवारी, घरच्या मैदानावर होता. बरोबरी झाली असती तरी विजेतेपदाची ढाल निळ्यांकडेच राहिली असती. आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी काकांची दोरी गेली. मापाच्या गाठी मारलेली ती जुनी सुती दोरी रात्रीत उंदरांनी तीन ठिकाणी कुरतडली होती.

"मग आता?" काकू म्हणाल्या. फुटबॉल म्हणजे बावीस धडधाकट माणसांनी एका चेंडूसाठी केलेला पोरखेळ, असं त्यांचं ठाम मत होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्या गॅलरीत गेल्या, वाळत घातलेले कपडे गोळा केले आणि नायलॉनची दोरी सोडून घेऊन आल्या. "ही घ्या. संध्याकाळी परत आणा म्हणजे झालं."

दोघांनी जिन्यापासून दारापर्यंत बोळात दोन्ही दोऱ्या शेजारी शेजारी अंथरल्या. कुरतडलेले तुकडे टोकाला टोक लावून जुळवले आणि जुन्या प्रत्येक गाठीसमोर नवी गाठ मारली. माप तंतोतंत आलं. काका मैदानावर गेले, खुंटी ठोकली आणि एकतीस वर्षं जशी ताणत होते तशीच, दात आवळून, दोरी ताणली.

सामना रटाळ चालला होता, आणि काकांना तो रटाळच हवा होता. शून्य-शून्य. घड्याळ पुढे सरकत होतं आणि बचावाला भिंत उभी होती. भिंत हे त्या खेळाडूचं टोपणनाव. सतरा वर्षं तो निळ्यांच्या बचावात खेळत होता, आणि बाकी आठवडाभर लाकडाच्या वखारीत फळ्या मापून द्यायचा. वय छत्तीस. पाय गेले त्याचे, असं अलीकडे काही लोक बोलू लागले होते. काकांपुढे बोलायची मात्र कुणाची टाप नव्हती.

तीन मिनिटं उरली असताना पाहुण्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन सुसाट सुटला. भिंत त्याच्या सोबत धावला, पेनल्टीच्या चौकटीपर्यंत आला आणि, काकांच्या नजरेने, रेघ यायच्या जरा आधी पाय घालून त्याने त्याला आडवा केला. फाऊल होता, पण चौकटीबाहेरचा. फार तर फ्री किक. काका निवांत होते.

रेफ्रीने मात्र पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. घासलेल्या बुटाची खूण रेघेच्या चार बोटं आत होती.

गोल झाला. शिट्टी वाजली. शून्य-एक. ढाल गेली. इतकी वर्षं ज्याच्या नावाने टाळ्या पिटल्या, त्याच भिंतीला लोक ओरडून सांगत होते, "म्हाताऱ्या, घरी बस!" काकांना तो आवाज सहन झाला नाही. ते उठले आणि सवयीप्रमाणे शेजाऱ्याला म्हणाले, "रेफ्री आंधळा आहे."

"काका, खूण दिसतेय की इथून."

लोक पांगल्यावर काका कोपऱ्यातली निशाणं काढायला मैदानात उतरले. त्यांना एक सवय होती. गोलरेषेपासून चौकटीपर्यंत ते पावलं मोजत चालायचे, आणि बाविसावं पाऊल न चुकता रेघेवर पडायचं. त्या दिवशी बाविसावं पाऊल पडलं ते गवतावर. रेघ पुढे होती. काकांनी वाकून आपली वीत ठेवली. बरोबर वीतभर पुढे.

सुती दोरी कितीही ताणली तरी ऐकत नाही. नायलॉन ऐकतं, ताणलं की लांबतं. बोळात माप घेतलं तेव्हा दोरी सैल पडलेली होती, आणि मैदानावर त्यांनी ती जीव खाऊन ओढली होती. लांबी वाढली, चौकट वाढली, आणि बाहेरचा फाऊल आत आला. दोष वाऱ्याचा नव्हता, उन्हाचा नव्हता, रेफ्रीचाही नव्हता.

खेळाडूंच्या खोलीला कुलूप लावायला गेले तर आत खिळ्यावर भिंतीचे बूट टांगलेले. त्या क्लबात कुणी खेळ सोडला की भाषण करत नसे, पत्र देत नसे. दाराशेजारच्या त्या खिळ्याला बूट अडकवायचे आणि अनवाणी घरी जायचं. काका बराच वेळ त्या बुटांसमोर उभे राहिले.

रविवारी सकाळी सलूनमध्ये हाच विषय होता. भिंतीने कसा घात केला, ते प्रत्येकजण दुसऱ्याला समजावून सांगत होता. काका दारातच थांबले आणि म्हणाले, "त्याची चूक नाही. रेघ चुकली होती. मी चुकवली."

हास्याचा असा स्फोट झाला की, अर्ध्या गालाला साबण लागलेलं गिऱ्हाईकसुद्धा खुर्चीत गदगदू लागलं.

"वारा संपला, ऊन संपलं, आता रेघ!" सलूनवाला डोळे पुसत म्हणाला. "काका, नाचता येईना अंगण वाकडं ते हेच."

"अरे, खरं सांगतोय. बायकोची शपथ."

"मागच्या वर्षी वाऱ्याच्या वेळीही काकूंचीच घेतली होती."

काकांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. जन्मभर खोट्या सबबी सांगितल्या त्या लोकांनी हसून का होईना ऐकून घेतल्या. आज पहिल्यांदा खरी सांगितली तर तिला कुणी विचारेना. ते तसेच पायऱ्या उतरले आणि वखारीकडे चालू लागले.

वखार रविवारी दुपारपर्यंत उघडी असे. भिंत एका फळीवर पेन्सिलने खूण करत होता. काकांना पाहून तो कसनुसा हसला.

"काका, माझ्यासाठी सबब शोधत आला असाल तर नको. काल वारासुद्धा नव्हता."

"सबब नाही. तुझी टेप घे आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"चल म्हटलं ना!"

मैदानावर कालच्या रेघा तशाच होत्या. काकांनी टेपचं टोक गोलरेषेवर पायाखाली दाबलं आणि आकडा वाचायला मुद्दाम त्यालाच पुढे पाठवलं. साडेसोळा मीटर हवे होते. भिंत वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला.

"सोळा एकाहत्तर," तो म्हणाला.

काकांनी सगळं सांगितलं. उंदीर, दोरी, बोळ, गाठी. दोरी कुणी दिली, हे मात्र सांगितलं नाही. "दोरी चांगलीच होती. मी नको तेवढी ताणली. तुला काय बोलायचं ते बोल. शिव्या घाल. उद्या कमिटीपुढे जाऊन मी सगळं सांगणार आहे."

भिंत खाली रेघेकडे बघत राहिला. मग मटकन गवतावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काका घाबरले. जवळ जाऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सतरा वर्षं मी कधी खाली बघितलं नाही, काका," तो म्हणाला. "रेघ पायांना कळते. कालही पायांनी सांगितलं, अजून बाहेर आहेस, पाड त्याला. म्हणून पाडला. आणि शिट्टी वाजल्यावर खाली बघतो तर आत. लोक ओरडले त्याचं काही नाही, लोक ओरडणारच. पण पायच खोटं बोलायला लागले म्हटल्यावर खेळायचं कुणाच्या भरवशावर?" त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "म्हणजे पाय बरोबर होते."

"अगदी बरोबर होते रे. माझा हात चुकला."

थोड्या वेळाने तो हसायला लागला. "कमिटीपुढे जाऊ नका. एकतीस वर्षांच्या पुण्याईवर कुणी एक अक्षर खरं मानणार नाही."

"सलूनवाला म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं."

"पण अंगण खरंच वाकडं होतं की, काका!"

दोघं हसले. हसताना काकांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मग भिंत उठला, पॅन्टला लागलेलं गवत झटकलं आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या."

खोलीत जाऊन त्याने खिळ्यावरचे बूट काढले, तळव्याला चिकटलेली माती नखाने खरवडली आणि नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात टाकले. "पुढच्या हंगामात फक्की मारायला मीही येतो," तो म्हणाला. "दोरीचं दुसरं टोक मी धरतो. टेपही आणतो."

तो गेल्यावर काकांनी कोपऱ्यात पडलेली नायलॉनची दोरी उचलली, नीट गुंडाळली आणि त्या रिकाम्या खिळ्याला अडकवून दाराला कुलूप लावलं. काकूंचे कपडे तो आठवडाभर खुर्च्यांच्या पाठींवर वाळले.