टेकचा पाढा

चंद्रपूरच्या आमच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात सर शब्दाचे अर्थ पाढ्यासारखे पाठ करून घेत. टेक एके घेणे, टेक दुणे नेणे, टेक त्रिक गोळी खाणे, टेक चोक फोटो काढणे, टेक पंचे वेळ लागणे, टेक सक परीक्षा देणे.

मी इचारलं, "सर, परीक्षा तर आपण देतो, मंग टेक कसं?"

"अबे, पाढ्याले प्रश्न इचारतेस का? सात सक बेचाळीस काऊन, हे कधी इचारलं?"

सरांचा हा नाकातला आवाज मी मागच्या बाकावरून असा काढत होतो, का सर बाहेर चहा पीत असले तरी पोरं 'येस सर' म्हणून उभे राहत.

एका रविवारी सरांनी फिलिपिन्सच्या एका क्लाससंग व्हिडिओ कॉल लावला. तेही आपल्यासारखेच शिकून राह्यले, भेऊ नका, म्हणे. कोपऱ्यात ताडोब्याजवळच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर बसला होता. त्याले रिसेप्शनले पोरगा पाह्यजे होता; जो चांगला बोलन त्याले खुर्ची. मले ती खुर्ची कशीही करून पाह्यजे होती. बाबांनी अहेरीहून फोनवर सांगून ठेवलं होतं, "नोकरी नाई लागली तर गुपचूप धानाच्या रोवणीले ये."

माझी पाळी आली. टेकवरूनच गोष्ट निघाली; तिकडची पोरगी हासून म्हणे, आमच्या भाषेत गोळी पितात. आमच्यात खातात, त्यायच्यात पितात, अन इंग्रज नुसती घेते. मी नाकातून 'व्हेरी नाइस' म्हटलं. मंग तिनं इचारलं, "हाऊ लाँग डझ इट टेक टू युअर व्हिलेज?"

आता पाढा मधातून कोणाले येते? मी मनात टेक एकेपासून सुरू केला. ओठ हालत होते, आवाज नाई. तिकडे ती मैत्रिणीले म्हणे, "ही इज फ्रोझन."

तिले वाटलं नेट गेलं! मी तोंड जसं उघडं होतं तसंच ठेवलं, पापणीही हालवली नाई. मागचे पोरं माझ्यापेक्षा हुशार, तेही थिजले. एकाचा हात तर डोकं खाजवता खाजवता वरच राह्यला.

पण डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. अन सर आमच्या मागून इकडून तिकडे गेले, "काय झालं बे? काऊन बसले असे?"

तिकडे हासू फुटलं. मंग तेही मुद्दाम थिजले, अन त्यायच्या मागून मांजर चालत गेलं. दोन देश समोरासमोर तोंड वासून बसले. सर मॅनेजरले सांगत होते, "पोरांचा कॉन्फिडन्स पाहा!"

मॅनेजर हासला नाई. मले बाजूले घेऊन म्हणे, "ऐसा कितनी देर रह सकता है?"

"जेवाच्या सुट्टीपर्यंत, सर."

नोकरी लागली. खुर्ची मात्र सरांच्या भाच्याले भेटली, जो त्या रविवारी क्लासात आलाच नव्हता. मी रिसॉर्टच्या दारात फेटा बांधून, हातात भाला धरून उभा असतो. बोलाची मनाई आहे. परवा एक बाई नवऱ्याले म्हणे, "पुतळा किती खरा केला नाई!"

आत कोणी पाहुण्यानं इंग्रजीत काही इचारलं का भाचा मोबाइल कानाले लावते अन 'हॅलो, हॅलो' करत मागच्या दारानं पळते. मी निदान जागेवर असतो.