फौजेची पार्सलं शिवणाऱ्या शेवंताबाई

शेवंताबाई कुठल्याही कामाला बसण्याआधी "थकले बाई" म्हणायच्या. काम संपल्यावर मात्र हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. आधीच म्हणून मोकळं व्हायचं, पदर खोचायचा आणि लागायचं, अशी त्यांची रीत. मी कुरुंद्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले तेव्हा त्या पन्नाशीच्या आतबाहेर असतील, पण चालण्यात म्हातारपण आलेलं होतं. हळद निघाली की शिजवणीच्या कढयांपाशी, एरवी कुणाच्या तरी शेतात खुरपायला, असा त्यांचा दिवस जायचा. नवरा फार पूर्वीच वारला होता. एकुलता एक मुलगा, रतन, फौजेत होता.

त्याला पार्सल पाठवायचं असलं की पत्ता लिहून घ्यायला त्या माझ्या खोलीवर यायच्या. शेंगदाण्याचे लाडू, कारळाची चटणी, एखादा बनियन आणि कागदाच्या पुडीत हळद. हे सगळं मांजरपाटात गुंडाळून दाभणाने शिवलेलं. शिवून झालं की पार्सल कानाशी धरून हलवायच्या. आत काही वाजलं तर शिवण उसवून चिंध्या भरायच्या आणि पुन्हा शिवायच्या. "खुळखुळलं की फुटलं म्हना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हळद कशाला, तिकडे फौजेचा दवाखाना असतो, असं मी एकदा म्हटलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "आसंल की दवाखाना. पर खोकला काय दवाखान्याला इचारून येतो व्हय?"

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई पेटली आणि गावाला एकदम फौजेची आठवण झाली. पंचायतीच्या रेडिओभोवती गर्दी होऊ लागली. गावची जी पोरं सरहद्दीवर होती त्यांना गावातर्फे पार्सलं पाठवायची ठरली, आणि शाळेच्या व्हरांड्यात बायका जमल्या. पुढाकार गोदाकाकूंचा होता. काकू मोठ्या शेतीवाडीच्या घरातल्या. त्यांचा माणिक आणि शेवंताबाईंचा रतन एकाच दिवशी भरती झालेले आणि नशिबाने एकाच तुकडीत पडलेले. शेवंताबाई बौद्धवाड्यातून डोक्यावर लाडवांचं टोपलं घेऊन आल्या, तेव्हा व्हरांड्यातलं बोलणं थांबलं. काकू टोपल्याकडे बघत म्हणाल्या की लाडू आमच्या घरचे पुरे होतील, शेवंताचा हात शिवणाला चांगला, तिनं शिवावं.

मला ते सोसलं नाही. मी बोलायला उठले, तर शेवंताबाईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. टोपलं भिंतीकडे सरकवलं, "थकले बाई" म्हणाल्या आणि दाभण हातात घेतलं. दोन दिवस मान खाली घालून त्यांनी एकटीने सगळ्यांची पार्सलं शिवली. परतताना मी वाटेत चिडून विचारलं की तुम्ही गप्प का बसलात. त्या म्हणाल्या, "तिकडं ते दोघं एका खड्ड्यात बसून राहिले आसतील. हितं आमी टोपल्यावरून भांडत बसलो, तर पार्सल कवा जायाचं, बाई?" आपले लाडू त्यांनी वेगळ्या पार्सलात घालून रतनच्या नावाने धाडले.

लढाई लवकर संपली. गावात गुलाल उधळला, पोरांनी रस्त्यावर नाच केला. तो गुलाल अजून भिंतींवर होता तेव्हाच रतन कामी आल्याची तार आली. ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण पोस्टमन बौद्धवाड्यात न जाता आधी शाळेत आला होता. शेवंताबाई रडल्या त्या वाड्यातल्या बायकांनी धरल्यावर. त्याआधी त्यांनी मला एकच विचारलं होतं, पार्सल पोचलं होतं का. मला ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने पार्सलच परत आलं. न फोडलेलं, लाखेचे शिक्के तसेच. शेवंताबाईंनी ते माझ्या खोलीत उसवलं. लाडू दगडासारखे झाले होते. ते त्यांनी पदरात बांधले. मोजे होते, माझ्या शाळेतल्या मुलींनी विणलेले. ते हातात धरून त्या जरा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "गोदाकाकूच्या पार्सलात घाला. कुनाच्या तरी पायात जाऊ द्या." मी काकूंकडे ते नेऊन दिले. कुठून आले ते सांगितल्यावर काकूंनी घेतले.

गावाचा उत्साह ओसरला. व्हरांड्यात पुन्हा कुणी जमलं नाही. पण ज्यांची पोरं फौजेत होती त्या आया पार्सल शिवायला शेवंताबाईंकडेच येत राहिल्या, आणि त्या शिवत राहिल्या. एकदा मी म्हटलं, मावशी, आता पुरे, तुम्हाला त्रास होतो. म्हणाल्या, "तरास तर व्हतोच. न्हाई शिवलं तरी व्हतो. मंग शिवलेलं बरं."

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. शेतं उघडी पडली आणि सरकारने रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं काम काढलं. तिथे सगळं गाव आलं. शेवंताबाई आल्या, आणि काही महिन्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून गोदाकाकूही आल्या. दोघी एकाच ढिगाऱ्यापाशी हातोडी चालवायच्या. बोलणं कामापुरतं. शेवंताबाईंचे हात सुजले होते. दाभण धरता येईना, तसं त्यांनी शिवण बंद केलं.

पुढच्या उन्हाळ्यात माणिक रजेवर आला. आई घरी नाही म्हणून तो खडीच्या कामावर आला. जेवणाची सुट्टी होती. मीही तिथे होते, दुष्काळात मुलांना वाटायच्या सुकडीचं काम शाळेकडे असल्यामुळे. माणिक आईपाशी थांबला, मग शेवंताबाईंपुढे खडीवरच बसला. शेवंताबाईंनीच विचारलं.

"त्या दिशी त्यानं काई खाल्लं व्हतं का रे?"

"व्हय, माय," माणिक म्हणाला. "सकाळी चहा झालता. पोळीसंग तुमची चटणी. आदल्या पार्सलातली ऱ्हायली व्हती, ती आमी दोघांनी खाल्ली. लाडू तर आमी कायमच वाटून खायचो."

शेवंताबाईंनी मान हलवली. एवढं ऐकायला त्या दीड वर्षं थांबल्या होत्या, हे मला त्यांच्या खांद्यांकडे बघून कळलं. ते खाली उतरले. उपाशी नव्हता, असं काहीतरी त्या स्वतःशीच पुटपुटल्या. गोदाकाकू भाकरीचा तुकडा हातात घेऊन मुलाकडे बघत होत्या. तो तुकडा त्यांनी खाल्ला नाही.

पुढे माझी बदली झाली. शेवंताबाई गेल्याचं मला वसमतच्या बसमध्ये कुरुंद्याच्या एका बाईने सांगितलं, तेही पुष्कळ उशिरा. फार आजारी नव्हत्या म्हणे, दमून निजल्या होत्या. त्यांची आठवण निघाली की मला माणिकच्या रजेतली शेवटची दुपार दिसते.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले ते हाताला लावायला मलम घेऊन. आतून गुळाचा वास येत होता. त्या दुष्काळात गुळाचा वास म्हणजे नवलच. दाराशी बायकांच्या चपला होत्या, दोन जोड. मी वाकून आत पाहिलं.

गोदाकाकू चुलीपाशी मांडी घालून लाडू वळत होत्या. गूळ, दाणे त्यांनीच आणले होते, घरात कुठेतरी राखून ठेवलेले. नंतर काकूंनी मला सांगितलं की माणिक उद्या निघतो, त्याला तुझ्याच हातचे लाडू दे, असं शेवंताला म्हणायला त्या आल्या होत्या. शेवंताबाई म्हणाल्या, "हात उचलत न्हाईत, काकू. तुमी वळा, म्या सांगते." आणि काकू तिथेच, त्यांच्या चुलीपाशी, बसल्या.

सांगता सांगता शेवंताबाईंना झोप लागली होती. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड किंचित उघडं, सुजलेले हात मांडीवर उताणे. मी हाक मारणार, तोच काकूंनी गुळाने माखलेलं बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने मला बस म्हणून खुणावलं.