कोरड्या हातांचा कौल

अंजना सिस्टर कुणावर विश्वास ठेवत नाहीत, हे तासगावच्या पूर्वेकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उपकेंद्रात लशीची पेटी आली की आणणारा ‘बर्फ भरपूर हाय, मॅडम’ म्हणेपर्यंत यांचा हात आत कोपरापर्यंत गेलेला असतो. रक्तदाबाचं मशीन एकदा उजव्या दंडाला, एकदा डाव्या दंडाला, आणि दोन्ही आकडे पटले नाहीत तर शेवटी स्वतःच्याच दंडाला. गोळ्या घेतल्या असं कुणी सांगितलं की संपलंच. ‘घेतल्या? बरं. पाकीट दाखवा. हे मागच्या महिन्याचं. ह्या महिन्याचं दाखवा. पाण्यासंगं घेतल्या का च्यासंगं? खरं बोला.’ मधल्या सुट्टीत पोरं हे नाकातून बोलून दाखवतात आणि जो हसेल त्याच्या दंडाला दप्तराचा पट्टा आवळतात.

सासर इस्लामपूरचं, पण बदली माहेरच्याच गावात झाली. त्यामुळं आठवड्याचे पाच दिवस त्या वडिलांकडं असतात. वडील म्हणजे नाथाजी गुरव, गावाचे अण्णा. नाथबाबाच्या देवळाची पूजा त्यांच्या घराकडं पिढ्यान् पिढ्या. अंजनाचं बालपण त्या गाभाऱ्यातच गेलं. पहाटे विहिरीचं पाणी आणायचं, देव घासायचा, समया पुसायच्या. देवाआधी तोंडात काही घालायचं नाही. फूल तोडायचं, पण हुंगायचं नाही, वास आधी देवाचा. आज तिचा देवावर विश्वास नाही, ती हातही जोडत नाही; पण जिल्ह्याला सत्कारात गुच्छ मिळाला तेव्हा पूर्ण कार्यक्रमभर तो नाकापासून हातभर लांब धरून बसली होती. फोटोत असं दिसतंय की गुच्छात पाल आहे.

विश्वास उडाला तो नवव्या वर्षी, आणि उडाला कौलामुळं.

त्या गावात कौलाशिवाय पान हलत नाही. बोअर मारायची, सोयरीक जमवायची, द्राक्षाची छाटणी धरायची, तरी आधी देवाला विचारायचं. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. चिकटवायचा मान गुरवाचा.

एकदा भाऊसो म्हणून एक बागायतदार आला. पोरगी चौदाची, स्थळ लष्करातलं. ‘आण्णा, ह्याच साली उरकू का, इचारा द्येवाला.’ अंजना समईमागं वात वळत बसली होती. तिनं पाहिलं: अण्णांनी उजवी पाकळी चिकटवण्याआधी अंगठा नैवेद्याच्या गुळावर दाबला. भाऊसोकडं पाठ होती. डावी पाकळी पाण्यावर किती टिकणार? घटकाभरात पडली. भाऊसो तोंड पाडून गेला, पोरगी शाळेत राहिली.

नऊ वर्षांच्या पोरीला त्यातलं पोरीचं भलं दिसलं नाही. तिला फक्त गूळ दिसला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून प्रसादाचा पेढा ती आधी फोडून बघायला लागली. शाळेत बाईंनी सूर्य स्थिर असतो म्हटल्यावर हिनं विचारलं, ‘तुमी बघितलाय का?’ बारावीत असताना एकदा धीर करून तिनं अण्णांनाच गाठलं. ‘अण्णा, पाकळी देव पाडतो का तुमी?’ अण्णा अंगारा चाळत होते. म्हणाले, ‘आगं, कुठली आदी पडंल ह्ये मला कळत असतं, तर मी आकडा लावाय गेलो नसतो व्हय तासगावला?’ आणि हसले. ते हसणं तिनं लग्नात, बाळंतपणात, नोकरीच्या पहिल्या दिवशी, सगळीकडं बरोबर नेलं. जो कुणी तिच्याकडं बघून हसे, त्याच्या अंगठ्याकडं तिची नजर जाई.

आता या वर्षीची गोष्ट. रंगुबाईला छातीत गाठ लागली होती. अंजनानंच तपासून काढली. वय पंचावन्न, बेदाण्याच्या शेडवर कामाला, बोलायला फटकळ. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुकडा काढून तपासायला पाहिजे, वेळ घालवू नका. पहिली तारीख रंगुबाईनं चुकवली, कारण अमावस्या. दुसरी चुकवली, कारण जाऊबाई दगडाबाईनं कुठल्याशा देवऋषीचा अंगारा आणला होता. ‘गाठ बसतीया बग,’ असं दगडाबाई रोज सकाळी सांगायची. गाठ लिंबाएवढी होती, ती मोसंबीकडं निघाली होती. तिसरी तारीख आली. अंजना स्वतः बरोबर जायला तयार झाली, तर रंगुबाई म्हणते, ‘कौल दिला तर जाती. न्हाईतर माझ्या अंगाला सुरी लावायची न्हाई.’

‘मग लाव कौल. अण्णांना सांगते.’

पण अण्णांना कंपवात. चमचा तोंडापर्यंत जाईतो अर्धं कालवण अंगावर. मागच्या महिन्यात त्यांनी एका कौलात पाकळी चिकटवता चिकटवताच पाडली, आणि तो देवाचा नकार धरावा का अण्णांचा आजार, यावरून देवळात भांडण झालं. आता घरात गुरवाचं रक्त असलेलं दुसरं माणूस एकच.

‘आंजे, तू लाव,’ अण्णा म्हणाले.

रात्रभर अंजनाला हायसं वाटत होतं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही. बत्तीस वर्षं ज्या अंगठ्याला ती नावं ठेवत आली, तोच आता तिला लावायचा होता. एका बाईचा जीव आहे, गुळाचा एक ठिपका आहे. तिनं सकाळी ठिपका काढूनही ठेवला, समईच्या बुडाशी.

साडेआठला दोघी जावा आल्या. मिरजेची एसटी सव्वानऊची. अंजना गाभाऱ्यात शिरणार, एवढ्यात दगडाबाईनं पदरातून साबणाची वडी काढली.

‘हात धू.’

‘धुतलेत, काकी.’

‘माझ्याम्होरं धू.’

अंजनानं धुतले. दगडाबाईनं ते स्वतःच्या पदरानं कोरडे केले, एकेक बोट, लहान पोराचं करतात तसं. मग नाकाशी धरून हुंगले. मग उंबऱ्यातूनच मान आत घालून म्हणाली, ‘त्यो समईखालचा गूळ भाईर आण.’

अंजनाच्या कानातून धूर निघायचा बाकी राहिला. ‘कसला गूळ?’

‘आगं, कसला म्हंजे? तुझा बा लावायचा त्योच. आख्ख्या गावाला म्हाईत हाय.’

पायरीवर बसलेले अण्णा देवळाच्या कळसाकडं बघायला लागले. कळसावर कावळासुद्धा नव्हता.

‘म्हाईत होतं?’ अंजना म्हणाली. बत्तीस वर्षं तिनं हे गुपित कुणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं, नवऱ्याच्यासुद्धा. ‘मग कौल लावायला यायचा कशाला सगळे?’

‘का म्हंजे? आण्णा जिथं गूळ लावायचं तिथं इचार करून लावायचं. भाऊसोची पोरगी आज मास्तरीण हाय का न्हाई? आण्णांचा गूळ आमास्नी चालतोय. तुझा न्हाई चालायचा.’

‘माझा का न्हाई?’

‘तू सरकारी. तुला वरनं आकडा पायजे आसंल, इतक्या बायका मिरजंला धाडल्या म्हणून.’

‘आणि तू देवाला मानत न्हाईस,’ रंगुबाई हळूच म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती घाबरली होती. ‘मानत न्हाई त्यानं लबाडी क्येली, तर ती निसती लबाडीच ऱ्हाती गं.’

सिस्टरनी गूळ बाहेर आणून कट्ट्यावर ठेवला. मुंग्या आधीच लागल्या होत्या.

मग पाण्यात बुडवलेल्या दोन पाकळ्या, दोन्ही सारख्या, दगडाबाईनं निवडून दिलेल्या. एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. दाब सारखा पडावा म्हणून अंजनानं दोन्ही हातांनी एकदमच चिकटवल्या. ‘नाथबाबाच्या नावानं चांगभलं,’ अण्णा बाहेरून म्हणाले. तिनं प्रश्न विचारला: रंगुबाईनं मिरजेला जावं का?

पाच मिनिटं झाली, दहा झाली. उजव्या पाकळीच्या टोकाशी एक थेंब जमला आणि सुटला, पाकळी तशीच. डावीची एक कड वाळून किंचित उचलली. अंजनाला पाणी म्हणजे काय, वाळणं म्हणजे काय, सगळं ठाऊक. खिडकीतनं येणारा वारा डाव्या बाजूला लागतो हेही ठाऊक, म्हणजे डावी आधी वाळणार, आधी पडणार. हे तिला चिकटवायच्या आधी का सुचलं नाही? ती सरकली आणि खिडकीसमोर उभी राहिली.

‘आंजे, वारा आडवू नगंस,’ दगडाबाई.

ती परत जागेवर आली. आणि मग तिला जाणवलं की आपले ओठ हलतायत. उजवी पाड. उजवी पाड, बाबा. एवढ्या बारीला उजवी पाड. कुणाला म्हणतोय हे तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर पाकीट दाखवावं लागलं असतं.

सव्वानऊला दहा कमी असताना चावडीपाशी एसटीचा हॉर्न वाजला. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.

रंगुबाई उठली. गुडघे धरून, सावकाश, पण उठली. पिशवी काखेत मारली.

‘कुठं?’ दगडाबाई.

‘मिरजंला.’

‘आगं, कौल पडला न्हाई की!’

‘डावी पडली का?’

‘न्हाई.’

‘मग मला आडवलंय कुणी? द्येव इचार करतोय, त्येला करू दे. डाक्टर दुपारी उठून जातंय.’ गाभाऱ्याकडं वळून तिनं हात जोडले, मनापासून, कपाळ उंबऱ्याला टेकवलं, आणि चालू पडली. पाच-सहा पावलं जाऊन ओरडली, ‘शिस्टर, येतीस का मी एकलीच जाऊ? आदी लय घाई करत हुतीस!’

अंजना हललीच नाही. डाव्या पाकळीची कड आता चांगली उचलली होती, खाली सावली दिसत होती. मानणारी बाई निघून गेली होती आणि न मानणारी खांबासारखी उभी होती.

‘आंजे, यष्टी जाईल,’ अण्णा म्हणाले.

‘अण्णा, तुमी आत बघू नका.’

‘का?’

‘नका बघू एवढंच.’

तिनं फायलीची पिशवी उचलली, मान खाली घातली आणि देवाकडं न बघता बाहेर पडली. धावताना पदर खोचला. एसटीचं दार बंद होता होता तिनं हात घातला. रंगुबाईनं खिडकीची जागा स्वतःसाठी ठेवली होती.

तासगाव सोडल्यावर रंगुबाई जरा सैल झाली. भूल देतात का, दुखतं का, केस जातात का, सगळं विचारून झालं. अंजनानं खरं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग पर्समध्ये फोन थरथरला. पडद्यावर नाव होतं: अण्णा.

वाजून वाजून थांबला. लगेच पुन्हा सुरू झाला.

‘उचल की,’ रंगुबाई म्हणाली. ‘कुणाचा हाय?’

अंजनानं फोन बंद केला आणि पर्सच्या तळाशी, फायलीखाली सारला.

‘कंपनीचा,’ ती म्हणाली. रंगुबाईनं तिच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं आणि मग खिडकीतून बाहेर बघत राहिली.