मक्याच्या पिठाचं पिठलं

मी एक ओळ चुकीची लिहिली आणि यंत्राने ती खरी मानली. चूक एवढीच.

काम नवं होतं. आयुष्यभर रायपूरजवळच्या कोहक्यात स्टेशनरीचं दुकान चालवलेल्या माणसाला ते कसं मिळालं, ही वेगळी गोष्ट. रायपूरची एक छोटी कंपनी मोबाइलवरचा खेळ चालवते: जंगल, गुहा, राक्षस, शेकडो वस्तू. खेळताना माणूस अडला की प्रश्न टाइप करतो आणि एआय त्याला उत्तर देतं. पण त्या एआयला खेळातलं काहीच पाठ नसतं. त्याच्यासमोर माहिती शोधायची साधनं ठेवलेली असतात, आणि कुठलं साधन कधी वापरायचं हे ते त्या साधनाखालचं वर्णन वाचून ठरवतं. ती वर्णनं मी लिहायची. एक महिना उमेदवारी, मग ठेवायचं की घरी बसवायचं ते ठरणार. दुकान बंद करून झालं होतं, म्हणजे घरी तर मी बसलेलोच होतो.

एक साधन वस्तूचं नाव घेऊन तिचा क्रमांक शोधायचं. दुसरं क्रमांक घेऊन सगळी माहिती द्यायचं. मी दुसऱ्याखाली लिहिलं, ‘खेळातील कोणत्याही वस्तूची संपूर्ण माहिती तत्काळ देते.’ पहिल्याखालीही जवळपास हेच, फक्त ‘सहज’ हा शब्द वाढवून. वीस वर्षं मी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत जाहिराती लिहिल्या. ‘सर्व प्रकारच्या वह्यांचे एकमेव विश्वसनीय ठिकाण’ हेही माझंच, तेव्हा दुकानात दोनच प्रकारच्या वह्या होत्या. गिऱ्हाईक असलं वाक्य वाचून हसतं आणि आत येऊन विचारतं. यंत्र हसत नाही.

पहिल्या चाचणीत कोणीतरी विचारलं, काजव्यांचा कंदील कुठे मिळतो? एआयने थेट माझं दुसरं साधन उचललं, त्यात ‘काजव्यांचा कंदील’ असं नाव टाकलं, त्याला क्रमांक हवा होता म्हणून काहीच आलं नाही, आणि त्याने शांतपणे कळवलं की अशी वस्तू या खेळात नाही. कंदील तर खेळाच्या पहिल्याच पडद्यावर चित्रात लटकलेला दिसतो.

आमची टीम-लीड माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला सर म्हणते, त्यामुळे पुढचं जास्त लागतं. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “सर, टूल झूठ नहीं बोल रहा. आप बोल रहे हैं.” मग म्हणाली, “सोमवार को दूसरा टेस्ट है. उसके बाद मैं कुछ नहीं कर पाऊँगी.”

रविवारी सकाळी डोकं चालेना म्हणून मी पिठलं करायला घेतलं. आमच्या स्वयंपाकघराचा कारभार वडिलांकडे आहे. ते पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमधून निवृत्त झाले, पण स्टोअर त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. प्रत्येक डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी असते. ती वाचायची नाही, हा माझा बाणा. मी पिवळं पीठ दिसलं ते घेतलं.

वडिलांनी पहिला घास घेतला आणि ताट थोडं पुढे सरकवलं.

“हे पिठलं होय? पोस्टर चिकटवाची खळ हाय हे.”

“डबा चुकला, बाबा.”

“डबा नाही चुकला. डब्यावर लिहून हाय.”

मी उठून पाहिलं. चिठ्ठीवर होतं: ‘मक्याचं पीठ. बेसन नाही. बेसन निळ्या झाकणाच्या डब्यात. तिथे नसलं तर संपलं असं समजू नये, वरच्या फळीवर पिशवी पाहावी.’

“एवढं कायले लिहिता?” मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“स्टोअरमधी फिटर येते, चिठ्ठीवर नुसतं नाव लिहून आणते. आपण ‘नाही’ म्हटलं का तो वर्कशॉपमधी जाऊन सांगते, मालच नाही. मंग अख्खी शिफ्ट बसून राहते. माल तं बाजूच्या शेडमधी पडून असते. म्हणून नाही म्हणाचं तं कुठी नाही आन मंग कुठी पाहाचं, तेही सांगाचं.”

ती खळ मी एकट्याने संपवली, शिक्षा म्हणून. मग बसून दुसऱ्या साधनाचं वर्णन पुन्हा लिहिलं: ‘फक्त वस्तूचा क्रमांक घेते. नाव चालत नाही. नावच माहीत असेल तर आधी नावाने शोधणारे साधन वापरावे. उत्तर रिकामे आले तर क्रमांक चुकला असेल. वस्तू खेळात नाही असे सांगू नये.’ वाचायला अगदी रुक्ष. स्मरणिकेत कोणी छापलं नसतं.

सोमवारी तोच प्रश्न आला. एआयने आधी नाव शोधलं, क्रमांक घेतला, मग दुसऱ्या साधनाकडे गेलं आणि सांगितलं की कंदील दुसऱ्या गुहेतल्या म्हातारीकडे मिळतो. लीड एवढंच म्हणाली, “ठीक है सर, आप रुकिए.” मी लगेच फोन ठेवला, तिचं मन बदलायच्या आत.

वडील मेथी निवडत होते. मी सांगितलं की काम टिकलं, आणि तुमच्या डब्यामुळे टिकलं. वाटलं, खूश होतील.

“ते मशीन चिठ्ठी वाचते?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“दरवेळी. वाचल्याशिवाय कशालाच हात लावत नाही.”

“मंग त्याले पाठव माह्या किचनमधी,” वडील म्हणाले. “तू बाहीरच बस.”