जिनिंगमधला जबाब

मामा गेले त्या दुपारी मी हदगावला त्यांच्या खाटेजवळच होतो. आदल्या दिवसापासून बोलणं बंद होतं. एकाएकी ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "हात काढा." आणि दाराकडं बघत थांबले… मामी त्यांचा हात धरून बसली होती. तिनं आपला हात सोडवला आणि म्हणाली, "काढले." मामा गेले.

हे शब्द आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचे. मामा डोंगराच्या खोऱ्यातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन चालवायचे. शेडच्या एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकापर्यंत सरकी काढायच्या यंत्रांची रांग आणि त्यांवर साऱ्या बाया. यंत्रं सुरू करायला इंजिनाचा पट्टा चढवण्याआधी मामा हाक द्यायचे, "हात काढा." प्रत्येकीचा "काढले" असा जबाब आल्याशिवाय पट्टा चढत नसे. मामी लग्नाआधी त्याच रांगेत होती.

जिनिंग बंद पडून जमाना झाला, तरी दर दिवाळीत मामा आम्हा सगळ्यांना पायी तिकडं न्यायचे. ओढ्याच्या काठानं, सागाच्या झाडीतून. वळण संपलं की समोर धुराडं. दारात ते हाक द्यायचे, कान देऊन थांबायचे, मग "चला" म्हणायचे. "मामा, हजेरी लागली का सगळ्यांची?" माझी बायको चिडवायची. एका वर्षी मात्र त्यांनी आत जाऊ दिलं नाही. "एकीचा न्हाई आला," म्हणाले. आम्ही हसत हसत जेवणाचे डबे बाहेरच उघडले.

यंदा मामीच म्हणाली, "सुरेश, मला जिनिंगवर घेऊन चल." आम्ही सगळेच निघालो. वाटेत ओढ्यापाशी ती माझ्याजवळ थांबली. "जबाब समद्यायचा लागतो. म्यां एकटीनंच देऊन टाकला. ह्यांचाच हात आत ऱ्हायला नसंल ना रं?"

शेवटच्या घटकेला माणूस काहीबाही बोलतो, असं मी तिला समजावलं. ती चालत राहिली.

दारात तिनं हाक दिली. भिंतीवरून "काढा" परत आलं. त्यानंतर काहीही नाही. मी नीट ऐकत होतो. वारा नव्हता. आढ्यावरची कबुतरंसुद्धा हलली नाहीत. मामी मात्र मान डोलवत राहिली, एकेकीला ओळखत असल्यासारखी… बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"समद्या बायायचा आला," ती म्हणाली. "अन् एका गड्याचा."

मग ती आत गेली. आम्ही तिच्या मागून गेलो. त्या दिवशी कुणी चिडवलं नाही.

विहिरीवरची मोटार सुरू करतानाही मामा हीच हाक द्यायचे. आता बटण मामी दाबते. आधी हाक देते, थांबते… मी शेजारी उभा राहून "काढले" म्हणालो, तरी तिला माझा जबाब चालत नाही.