शिखरावरची सुरमई

हिमालयातल्या बर्फावर चालण्याचा पहिला सराव मी अगदी समुद्रसपाटीला, उत्तनजवळच्या चौक गावात, मासळीसाठी बर्फ बनवणाऱ्या कारखान्यात केला.

यात हसण्यासारखं काही नाही. भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या माणसाने बर्फ शोधायचा कुठे? गोळेवाल्याच्या गाडीवर? आणि बर्फावर चालणं तर भागच होतं. माझी भाची चिमी काशीगावातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत जायची. ट्रकचा हॉर्न तिला ऐकू येत नाही आणि रोज हायवे ओलांडायचा! शाळा सुटून पोर घरी येईपर्यंत माझ्या बहिणीचा जीव टांगणीला लागलेला असे. शाळेला एक गाडी हवी होती. म्हणून मी आणि माझे दोन मित्र, दळवी आणि नंदू, स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्या जयंतीभाईंकडे गेलो.

"मांगने को तो सब आते हैं," जयंतीभाई म्हणाले. "कुछ करके दिखाओ ना!"

मला एका जागी बसवत नाही, आणि गप्प तर त्याहून बसवत नाही. मी बोलून गेलो, "हम हिमालय चढेंगे! बरफवाला!"

नंदूने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"चढो," जयंतीभाई शांतपणे म्हणाले. "एकदम ऊपर, टोच का फोटो लाओ, गाडी मेरी तरफ से."

(बाहेर आल्यावर कळलं, की तिघांपैकी कुणीही माथेरानपेक्षा उंच गेलेलं नाही. तेही मिनी ट्रेनने!)

मग तीन महिने मी पाठीवर पंधरा किलो गहू बांधून आमच्या बिल्डिंगचे चार मजले चढत-उतरत होतो. "अहो, खाली जातच आहात तर दळण तरी टाकून या!" असं आमची सुलभा दारातून ओरडायची.

शेवटी दळवीने चौकचा कारखाना शोधून काढला. मालक आग्नेलभाऊ आमच्या बुटांना बांधलेले लोखंडी काटे बघत राहिले.

"हे कशाला? आमची पोरं अनवानी चालतात, कोन पडत न्हाय!"

मी लगेच पडलो. उठून, हातातली गिर्यारोहणाची कुऱ्हाड उंचावून, बर्फाच्या लादीवर उभा राहिलो आणि दळवीने फोटो काढला. रोल अर्धा शिल्लक राहिला. रोल वाया घालवणं दळवीच्या तत्त्वात बसत नाही, त्यामुळे तोच कॅमेरा हिमालयात आला.

तिथे वाटाड्याने आम्हाला हिमनदीवर एका दोरीला बांधलं. मी मधे. वीस पावलं टाकायची, कुत्र्यासारख्या धापा टाकायच्या, पुन्हा वीस पावलं. "परत फिरू या का?" मी तासात नऊ वेळा विचारलं. पण डोळ्यांसमोर हायवेच्या कडेला उभी चिमी यायची आणि लाज वाटून मी पुढे सरकायचो. खरंच सांगतो, शिखरावर पोचल्यावर मी रडलो. वाटाड्याने फोटो काढला आणि रोल संपला.

भाईंदरला आल्यावर मला चैन पडेना. धुवायला टाकलेला रोल बिघडला तर? मी फोटो स्टुडिओत दिवसातून चारदा चकरा मारू लागलो. शेवटी स्टुडिओवाल्याने हात जोडले. "साहब, अब मिसेस को भेजो. आप मत आना."

सुलभा गेली. तिने फोटो पाहिले, परस्पर एक निवडला, भलामोठा करून फ्रेम केला आणि रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये जयंतीभाईंना फोटो द्यायचा कार्यक्रम होता, तोवर कागदात गुंडाळून ठेवला. मला सरप्राइज!

रविवारी शाळेची मुलं, बाई, जयंतीभाई, आणि पहिल्या रांगेत आमचे सन्माननीय पाहुणे आग्नेलभाऊ. जयंतीभाईंनी कागद फाडला. टाळ्या! मी बर्फावर उभा, हातात कुऱ्हाड, मागे ढगांसारखी वाफ.

चिमी उठून उभी राहिली आणि तळवा मासोळीसारखा हलवू लागली. "ती विचारतेय," शाळेच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "डोंगरावर मासे कुठून आले?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. माझ्या बुटांपाशी सुरमईने भरलेली पाटी होती. फोटो मोठा करताना माझ्याबरोबर सुरमईही मोठी झाली होती!

"ये क्या है?" शुद्ध शाकाहारी जयंतीभाई मागे सरकले.

"अरे, ह्यो तर माझा कारखाना हाय!" आग्नेलभाऊ अभिमानाने उभे राहिले.

माझ्या पायाखालचा हॉल सरकला. "अगं, हा कुठला फोटो?"

"अहो, त्या दुसऱ्यात तुम्ही कोण नि नंदूभावजी कोण, मलासुद्धा कळेना! यात कसे राजबिंडे दिसताय!"

पर्समधून तिने खरा फोटो काढला. भाड्याची एकसारखी जॅकेटं, माकडटोप्या, गॉगल. तो फोटो कुठल्याही तीन माणसांचा असू शकत होता. दळवी घसा खाकरत राहिला, नंदू छताकडे पाहू लागला. शाळेच्या बाईंचा चेहरा उतरला. माझी बहीण चिमीचा हात घट्ट धरून बसली होती, आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. गाडी गेली, आणि ती मी घालवली.

जयंतीभाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. आणि एकदम हसत सुटले.

"देखो, जिसको ठगना है वो पहले मच्छी हटाएगा कि नहीं? कारखानेवाले को पहली लाइन में बिठाएगा? इतना बेवकूफ आदमी झूठ बोल ही नहीं सकता! ये जरूर ऊपर गया होगा. गाडी पक्की!"

गाडी आली. चिमी खिडकीजवळ बसून हात हलवत जाते, आणि सगळे म्हणतात, मामाने हिमालय चढून मिळवली. खरं सांगू? हिमालय चढायला मला तीन महिने सराव करावा लागला. गाडी ज्या गुणावर मिळाली, तो माझ्यात जन्मापासून आहे!