ताई गप्प बसायला शिकली

गटात सगळे तिला ताई म्हणत. अहो, चाळिशी उलटलेले काकासुद्धा! दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून संध्याकाळी कॉलेजला येणारे हे काका संख्याशास्त्रात दोनदा आपटले होते. आता ही शेवटची संधी. यंदाही आपटले की नाव कटणार आणि पदवी राहून जाणार ती कायमचीच.

ताई स्वतः तिसऱ्या वर्षाला. या विषयात तिला गुण चांगले, म्हणून कॉलेजने तिच्याकडे अभ्यासगट सोपवला. प्रयोगशाळेमागच्या खोलीत पाच-सहा जण जमत. नियम एकच: गट चालवणाऱ्याने उत्तर सांगायचं नाही, खडूला हात लावायचा नाही. फळ्याशी झगडायचं ते शिकणाऱ्यांनी. पण ताईला दम निघेल तर शपथ! कुणी अडखळलं की ही उठलीच. आणि समजवायची इतकं झकास, की सगळ्यांच्या माना डोलायच्या. काका तर म्हणायचे, "ताई, तू बोललीस की लख्ख दिसतं बघ."

चाचणीत जवळजवळ सगळा गट नापास झाला. काकाही. ताईला रडूच कोसळलं.

"माना सगळ्यांनी डोलावल्या," विषय शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पण गणितं सोडवली कुणी?"

"मी," ती म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

पुढच्या बैठकीला ती मागच्या बाकावर जाऊन बसली. फळ्याशी काका. पिशवीत पाच लाल, तीन निळ्या गोळ्या. न बघता एकामागून एक दोन काढून घेतल्या, तर दोन्ही लाल असण्याची शक्यता किती? काकांनी दोन्ही वेळा पाच अष्टमांश लिहिलं आणि वळून पाहिलं.

"बरोबर ना, ताई?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "गटाला विचारा, काका."

गटातले वह्या चाळायला लागले. काकांचा पारा चढला. "अगं, माझं सगळं पणाला लागलंय आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलीस? सांगून टाक ना!"

ताईचा जीव तुटला. "परीक्षेत मी शेजारी नसणार, काका."

तेवढ्यात कोपऱ्यातली, एरवी तोंड न उघडणारी मुलगी पुटपुटली, "पहिली गोळी परत पिशवीत टाकली का?"

"का टाकू? माझ्या हातात आहे ती!"

"मग पिशवीत अजून आठ कशा?"

झालं, जुंपली! काका हातवारे करून तावातावाने भांडायला लागले, आणि मध्येच थांबले. "अरेच्चा!" पुसून दुसऱ्या वेळचं त्यांनी चार सप्तमांश केलं. त्या दिवशी जाताना मात्र ते ताईशी अवाक्षर बोलले नाहीत.

निकाल लागला. काका सुटले! ताईच्या वर्गाबाहेर येऊन उभे राहिले.

"पेपरात गाडी अडली गं. तू समजावलेलं आठवायला गेलो, तर एक अक्षर आठवेना. त्या पोरीशी भांडलो होतो ते मात्र शब्दन् शब्द आठवलं. मग तसाच भांडलो, स्वतःशीच."

ताईला लागलंच ते. इतकं जीव तोडून शिकवलेलं, आणि एक अक्षर नाही? मग तिला हसू फुटलं.

"पुढच्या वर्षी गट तुम्ही चालवा, काका. शिकवायचं कसं ते विचारू नका. गप्प कसं बसायचं, तेवढं सांगते."